नववीचा वर्ग बाहेर पडतो तेव्हा

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात बिबटे आहेत, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. पूर्वेला ठाण्याची खाडी; तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पश्चिमेला ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे खडकाळ किनारे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे एकेकाळी शहराचा कचरा पडायचा तिथे आज ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे. हे सगळं लोकल आणि बेस्टच्या टप्प्यात असताना गोवंडी-मानखुर्दच्या एखाद्या नववीच्या वर्गात ‘खाडी कुणी पाहिलीय?’ असं विचारावं, तर वर येणारे हात मोजके असतात. खाडी त्यांच्या घरापासून लांब नाही. देवनारचं डम्पिंग ग्राउंड खाडीला लागूनच आहे. कचऱ्याचा वास या मुलांच्या घरात शिरतो, पण त्या ढिगांच्या पलीकडे दर हिवाळ्यात हजारोंनी उतरणारे रोहित पक्षी त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

हे पुस्तक त्या मुलांच्या शिक्षकांसाठी आहे. शहरातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेबाहेर, उघड्यावर, मातीत आणि चिखलात पाय ठेवून शिकायला कसं न्यायचं, आणि नेताना कुणी मागे राहत नाही ना याकडे कसं बघायचं, एवढाच त्याचा विषय. पुढच्या पानांत तयारीच्या याद्या आहेत, नकाशे आहेत, नोंदींचे नमुने आहेत. त्यांच्याआधी, हा प्रश्न मुळात आहे कुठे हे सांगायला मला ही जागा हवी होती. प्रश्न बसभाड्याचा आहे असं बहुतेकांना वाटतं. बसभाडं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

पर्यावरण शिकवलंच जात नाही अशी तक्रार करायला जागा उरलेली नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००३ साली पुन्हा आदेश काढले. पुस्तकं आली, गुण आले, प्रकल्पवही आली. आपल्याकडे नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला. विषय चांगला आहे, त्याचं पुस्तकही मन लावून केलेलं आहे. पण प्रकल्प पुरा होतो तो दुकानातून आणलेली चित्रं चिकटवून. शाळेमागून वाहणारा नाला कुठून येतो, कुठल्या खाडीला मिळतो, पावसात त्याची पातळी किती चढते, हे बघायला वर्ग बाहेर पडत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षातले दहा दिवस बिनदप्तराचे द्या असं सांगितलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमीही आठवीपर्यंत, चौदाव्या वर्षापर्यंतच. नववीची मुलं या दोन्हींच्या कुंपणाबाहेर पडतात. पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीला संपतात, मग नवी शाळा शोधायची, नवे शिक्षक, आणि पहिल्याच दिवसापासून कानावर पडणारं वाक्य: पुढच्या वर्षी दहावी आहे. चित्रकलेचा तास गणिताला जातो, खेळाचा तास विज्ञानाला जातो, सहल सातवीपर्यंतच्या मुलांना जाते. याच वयात मुलगे कामाच्या शोधात आणि मुली घरच्या नजरेखाली जायला लागतात. ज्या वयात शरीराला सगळ्यात जास्त चालावंसं, चढावंसं, धडपडावंसं वाटतं, नेमक्या त्याच वयात आपण मुलांना खोलीत बसवतो. मला ही गोष्ट मनापासून चुकीची वाटते आणि या पुस्तकाचा रोख त्यामुळेच लहान मुलांवर न ठेवता या वयावर ठेवला आहे.

आता सहलीचं सूचनापत्र एकदा नीट वाचावं. स्पोर्ट्स शूज, रेनकोट, टोपी, दोन लिटरची पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड, पाठीवरची सॅक, सुका खाऊ, घरचा डबा. शुल्क अमुक तारखेच्या आत. पालकांच्या सहीचं संमतीपत्र सोबत जोडावं. सकाळी साडेपाचला शाळेच्या फाटकाशी हजर राहावं. शिक्षकाने हे चांगल्याच हेतूने लिहिलेलं असतं. पण एकेक ओळ कुणाला ना कुणाला गाळत जाते. शूज असतात ते शाळेचे, काळे, गुळगुळीत तळव्याचे. ओल्या कातळावर ते चपलेइतकेही धरत नाहीत. सॅक म्हणजे दप्तरच, ते रिकामं केलं तर पुस्तकं ठेवायची कुठे? संमतीपत्र मराठीत किंवा इंग्रजीत, आणि आई वाचते ती तेलुगू, किंवा वाचतच नाही. तिला कागदावर सही करायची भीती वाटते, कारण तिच्या आयुष्यात कागदावरच्या सहीने काही भलं झालेलं नाही. साडेपाचला फाटकाशी पोचायचं तर पावणेपाचला अंधाऱ्या गल्लीतून एकटीने निघायचं. मुलं ‘परवडत नाही’ असं कधी म्हणत नाहीत. ‘मला नाही यायचं’ म्हणतात, आणि आपण ते खरं धरतो.

नववीतली एक मुलगी वर्षभर प्रत्येक फेरीला नाही म्हणायची. वर्गात हुशार, प्रश्न विचारणारी. तिच्या बाईंनी शेवटी तिच्या मैत्रिणीला गाठलं तेव्हा कळलं की वस्तीत रविवारी पाणी सकाळी सातला येतं. आई रविवारीही कामाला जाते, त्यामुळे नळावर नंबर लावून ड्रम आणि हंडे भरायचे ते हिने, आणि भरत असताना धाकट्या भावावर लक्ष ठेवायचं तेही हिनेच. पाणी चुकलं तर घर दिवसभर कोरडं. बाईंनी पुढची फेरी रविवार पहाटेवरून शनिवार दुपारवर आणली, आणि मुलगी आली. कुठला निधी लागला नाही, कुणाची परवानगी लागली नाही. वस्तीत पाणी कधी येतं हे शाळेला माहीत असणं एवढंच लागलं. म्हणून या पुस्तकातल्या तयारीच्या यादीत पहिली ओळ ‘ठिकाण निवडा’ अशी नाही. आधी वर्गातल्या प्रत्येक मुलाचा आठवडा समजून घ्या, अशी आहे.

तारखांचंही तसंच. शाळांच्या सहली डिसेंबरात निघतात, कारण हवा छान असते. पण सहा डिसेंबरच्या आसपास तारीख धरली तर आंबेडकरी घरांतली मुलं दादरला चैत्यभूमीकडे असतात. रमजानच्या दिवसांत टेकडी चढवायची म्हटलं की रोजा धरणारं मूल पाण्यावाचून चालेल किंवा घरी राहील. शुक्रवारची दुपार काहींची नमाजाची. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. एवढ्या तऱ्हांच्या घरांतून आलेल्या मुलांसाठी एकच सोयीची तारीख असू शकत नाही. वर्षातून एकच सहल ठेवली की कुणीतरी सुटणारच. फेऱ्या अनेक आणि छोट्या ठेवल्या तर एकीला न आलेलं मूल दुसरीला येतं.

इथे एका समजाबद्दल थांबून बोलायला हवं. शहरातली मुलं घरात कोंडली गेली आहेत, पडद्याला चिकटली आहेत, निसर्गापासून तुटली आहेत, म्हणून त्यांना बाहेर न्यायला हवं, असं लिहिणारे बोलणारे पुष्कळ आहेत. सोसायटीतल्या सातव्या मजल्यावरच्या मुलाबद्दल ते खरं असेल. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात त्या घरातलं मूल दिवसातला बराच वेळ बाहेरच असतं. अभ्यास गल्लीत, खेळ रेल्वेच्या रुळांलगत, झोप उन्हाळ्यात छपरावर. ऊन, पाऊस, उंदीर, डास, तुंबलेलं गुडघाभर पाणी हे त्याच्या ओळखीचं आहे. त्याला ‘मोकळ्या हवेचा आनंद’ द्यायला निघालेला माणूस त्याला परका वाटतो, आणि वाटणारच. त्याच्याकडे नाही ती निर्धास्त वेळ. कुणी हटकणार नाही, ‘इथे काय करताय रे’ म्हणून हाकलणार नाही, अशा जागी बसून एखाद्या गोष्टीकडे तासभर बघत राहण्याची मुभा. उद्यानाच्या फाटकावरचा रखवालदार कपडे बघून कुणाला अडवतो आणि कुणाला नमस्कार करतो, हे या मुलांना नीट ठाऊक असतं. शिक्षक सोबत असला, गळ्यात शाळेचं ओळखपत्र असलं, आणि ही जागा तुमची आहे हे कुणी एकदा तोंडाने म्हटलं की त्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला दिसतो.

आणि या मुलांना काही येत नाही, हाही समज टाकून द्यावा. वर्सोव्याच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यातल्या मुलाला विचारा, आज भरती किती वाजता? तो मोबाइल काढणार नाही. तिथी विचारेल. मुंबईच्या किनाऱ्यावर चालणारा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊण सहा, ओहोटी बाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो, हे भूगोलाच्या पुस्तकातलं प्रकरण या मुलाच्या आजीच्या बोटांवर असतं. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, कोळीवाड्यातून गेलेला नाही. किनाऱ्यावरच्या फेरीची तारीख ठरवायला हा हिशोब वर्गात मांडून बघा. गणिताच्या सरांना घ्या, भूगोलाच्या बाईंना घ्या, आणि फळ्याशी त्या कोळ्याच्या मुलाला उभं करा. एरवी मागच्या बाकावर बसणारं ते मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं.

नऊच्या ओहोटीला खडकावर उतरलं की बघण्यासारखं इतकं असतं की पहिल्या फेरीत वीस पावलांपुढे वर्ग सरकतच नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही मुंबईकरांनी २०१७ पासून किनाऱ्यावरच्या फेऱ्या सुरू केल्या आणि गिरगाव, हाजी अली, जुहू अशा, आपण नुसते भेळ खायला जातो त्या जागी काय काय जगतं ते लोकांना दाखवलं. खडकाच्या खळग्यात साठलेल्या पाण्यापाशी उकिडवं बसायचं आणि काही मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग शेवाळातला एक शंख चालायला लागतो. आत गोगलगाय नसते, उसन्या घरात राहणारा खेकडा असतो. सावली पडली की तो थांबतो, सावली सरकली की पुन्हा निघतो. खडकाला चिकटलेली मऊ तपकिरी बिंदुली बोट जवळ नेताच मिटतात, तेव्हा कळतं की ते प्राणी आहेत. थोड्या अंतरावर बायका कोयतीने कालवं फोडत बसलेल्या असतात. त्यांच्याशी बोलायला मुलांना पाठवावं. कुठल्या महिन्यात कालवं भरलेली असतात, कुठल्या वर्षापासून कमी झाली, पाण्याला तेलाचा वास कधी येतो, हे त्या सांगतात. मुलांच्या वहीत त्या दिवशी जे उतरतं ते कुठल्याही गाइडात नसतं.

शाळेनेच मुलाकडे चालत जावं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे बघून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अनुताई वाघ बोर्डीपासूनच त्यांच्यासोबत होत्या; पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेला येऊ शकत नाहीत, असं दिसल्यावर या दोघींनी गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली. गुरं चरत, आणि झाडं, दगड, पानं, बिया हेच शिकण्याचं साहित्य होई. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाचं काम, त्याचा दिवस, त्याची जागा यांना धरून शिक्षणाची आखणी करायची, हा त्यांचा आग्रह होता. आज बाहेरच्या शिक्षणाचा विचार करताना आपण परदेशी उदाहरणं फार लवकर काढतो. कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला तरुण खलाशांसाठी सुरू केलेली ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा महत्त्वाची आहेच, जगभर तिचा वसा पोचला. पण पाण्याच्या वेळेमुळे अडलेल्या मुलीचा प्रश्न सोडवायला मला तिच्यापेक्षा कोसबाड जवळचं वाटतं.

जागा खुली असणं आणि तिथे पोचता येणं यांत किती अंतर असतं, हे तर या मातीने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तोवर तळं कागदावरच खुलं होतं. त्या लढ्याशी शाळेच्या फेरीची बरोबरी करायची नाही, तसं करणं अनादराचं होईल. पण राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर ‘सर्वांना प्रवेश’ असा फलक आहे एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं, त्यांनी हा इतिहास जरूर आठवावा.

मराठी मुलुखात डोंगर चढायची हौस मोठी आहे. गो. नी. दांडेकरांनी किती तरुणांना किल्ल्यांचं वेड लावलं. आज दर शनिवारी रात्री कसारा आणि कर्जतच्या गाड्या सॅकवाल्यांनी भरलेल्या असतात. २०२५ साली ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आनंदाची गोष्ट आहे. पण या भटकंतीची वाट बहुतेक वेळा घरातूनच मिळते: काका जातात, दादा जातो, म्हणून धाकटा जातो. ज्या घरात कुणीच कधी गेलेलं नाही, आणि ज्या घरात रविवार हा एकच विसाव्याचा किंवा जादा कामाचा दिवस आहे, तिथून ती वाट निघत नाही. शाळेने तो दादा व्हायचं आहे. लोहगड त्या बारांपैकी एक. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाज्याची लेणी बघत पायी चढायचं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट आणि पोटभर न्याहारी एवढंच लागतं. ठिकाणाची निवड स्टेशनपासून करावी, असा या पुस्तकाचा सल्ला आहे. बस ठरवली की शुल्क आलं, शुल्क आलं की गाळणी लागली.

खाण्याचं मात्र जपून करावं. डबे उघडायच्या वेळी वर्ग आपोआप कसा विभागला जातो ते बघितलेल्या शिक्षकाला जास्त सांगायला नको. कुणाच्या डब्यात मासे, कुणाच्या डब्यात कालची चपाती, कुणाकडे डबाच नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत १९४१ पासून सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधून एका पंगतीत जेवत आली, ती काही स्वयंपाकाची हौस म्हणून नव्हे. छोट्या फेरीला सगळ्यांना एकच न्याहारी, भिजवलेले चणे, केळी, भाजलेले शेंगदाणे, शाळेने द्यावी. मोठ्या फेरीला मुलांनीच खिचडी करावी, कांदे चिरायला मुलगे बसवावेत.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी न लाजता बोलाव्या लागतात. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे शिक्षकाने आधी स्वतः जाऊन बघावं. ते माहीत नसलं की मुली आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. मग ‘मुलींना झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी नॅपकिन आणि वर्तमानपत्राचा कागद असावा, आणि तो तिथे आहे हे निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगावं, मुलग्यांसमोरसुद्धा. सोबत एक तरी बाई असाव्यात. घरच्यांना भेटायला त्यांनीच जावं. पोरीला पाठवायचं की नाही ते आई फॉर्म बघून ठरवत नाही, माणूस बघून ठरवते.

अपंग मुलांना ‘तू इथेच बस, आम्ही वर जाऊन येतो’ असं सांगितलं जातं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शिक्षणसंस्थांवर खेळ आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी टाकली आहे. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुणपणी काचबिंदूमुळे गेली. त्यानंतर त्यांनी पॅराग्लायडिंग केलं, डोळस साथीदारासोबत दोन जणांच्या सायकलीवरून हिमालयातले घाट पार केले, आणि अपंग आणि धडधाकट माणसांनी मिळून साहस करावं म्हणून संस्था उभी केली. शाळेला एवढं करायचं नाही. चाकाची खुर्ची जाईल असा एखादा रस्ता निवडायचा, आणि त्या दिवशी सगळ्या वर्गाने त्याच रस्त्याने जायचं. दृष्टिहीन मूल सोबत असलं की वर्ग ऐकायला शिकतो. तांबटाची ठोक्यामागून ठोके अशी हाक, कोतवालाच्या नाना नकला, बांबूच्या बेटातली कुरकुर याच्याकडे एरवी डोळस मुलांचं लक्ष जात नाही.

सुरक्षिततेबद्दल लिहिणं भाग आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्या बातमीने महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाच्या पोटात गोळा आला. त्यानंतर शाळा बाहेर जायला कचरू लागल्या, आणि गेल्याच तर झोके आणि घसरगुंड्यांच्या पाण्याच्या रिसॉर्टमध्ये, जिथे जबाबदारी दुसऱ्याची आणि तिकीट सगळ्यात महाग. भीती खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण भीतीवर उपाय जाणतेपणाचा आहे. भरतीचं वेळापत्रक माहीत असणं, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की ताबडतोब काठ सोडणं, ऑक्टोबर आणि मे महिन्यांतल्या दुपारी ढग जमले की माथ्यावर न थांबणं, सगळ्यांत मागे एक मोठं माणूस असणं, दर थांब्याला डोकी मोजणं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. दोर लावून करायच्या गोष्टी अशा नोंदणी झालेल्या संस्थांवरच सोपवाव्यात. बाकी चालणं, बघणं, नोंदी करणं हे शिक्षक स्वतः शिकू शकतात, आणि त्यांनीच करावं.

त्यांनीच, यावर माझा जोर आहे. एखादी कंपनी निधी देते, एका दिवसात चार बसा भरून मुलं नेली जातात, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर छापलेलं नाव, फाटकाशी फलक धरून फोटो. देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. मुलं मात्र त्या दिवशी पाहुणी असतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आपण कुणाच्या तरी दानाचं निमित्त आहोत हे लगेच कळतं. त्याच पैशात एका शाळेला कपाटभर सामान घेता येईल: निरनिराळ्या मापांचे धरणारे बूट, रेनकोट, सॅका, दोन दुर्बिणी. ग्रंथालयातून पुस्तक नेतात तसं वहीत सही करून मुलांनी ते न्यावं, धुऊन परत आणावं. मग सूचनापत्रातली अर्धी यादी खोडता येते.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. त्याआधी चार वर्षं तेलंगणच्या समाजकल्याण निवासी शाळेतली मालावत पूर्णा तेराव्या वर्षी तिथे पोचली होती. या मुलांनी जे दाखवलं त्याला तोड नाही. कुवत कुठल्या घरात जन्माला येते याबद्दलच्या आपल्या समजुती त्यांनी उघड्या पाडल्या. या पुस्तकाची धाव शिखरापर्यंत नाही. त्याला हवी आहे चाळीस जणांच्या वर्गातली सगळीच चाळीस मुलं, आणि एकच जागा, जिथे ती वर्षभर पुन्हा पुन्हा जातील. जूनमध्ये पाहिलेली टेकडी सप्टेंबरात फुलांनी भरलेली, जानेवारीत पिवळी, एप्रिलमध्ये वणव्याने काळी. एकदाच पाहिलेल्या ठिकाणाचं कौतुक राहतं. वारंवार गेल्यावर प्रश्न पडायला लागतात. वणवा कुणी लावला? झाडं कुणाची? टेकडीच्या उतारावर राहणाऱ्यांना कुठे जायला सांगितलंय? पुण्याच्या पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतल्या मुलांना हा प्रश्न पुस्तकी नाही. नाशिकच्या मुलांना पांडवलेणी आहेत, नागपूरच्या मुलांना अंबाझरी, कोल्हापूरच्या मुलांना रंकाळा आणि पंचगंगा. प्रत्येक शहराला अशी जागा आहे, बहुतेकांना एकाहून जास्त.

शासनाकडून मागायचं ते थोडं आहे, पण ते मिळायला हवं. नववी-दहावीच्या वेळापत्रकात महिन्यातली एक दुपार बाहेरच्या तासासाठी छापलेली असावी, म्हणजे मुख्याध्यापकांना दरवेळी अर्ज करत बसावं लागणार नाही. ती दुपार शिक्षकाची कामाची वेळ धरली जावी. दर शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रथमोपचाराचं खरं, हाताने करून घेतलेलं प्रशिक्षण मिळावं. वनखात्याच्या आणि पालिकेच्या उद्यानांत शाळेच्या ओळखपत्रावर प्रवेश विनामूल्य असावा. मुलांचा विमा शाळेच्या नावाने एकदाच काढलेला असावा.

यातलं काही मिळेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. या पुस्तकातला पहिला पाठ जूनच्या तिसऱ्या आठवड्यासाठी आहे. त्यासाठी परवानगी लागत नाही, तिकीट लागत नाही, बूटही लागत नाहीत: शाळेच्या फाटकापासून पाचशे पावलांच्या आत पावसाचं पाणी कुठे कुठे साठतं, कुठून वाहतं आणि कुठे जातं, याचा नकाशा मुलांनी चौघाचौघांच्या गटाने काढायचा आहे. गट शिक्षकांनी पाडावेत. मुलांवर सोपवलं तर एका गल्लीतली मुलं एका गटात जातात. पान क्रमांक एकवर त्यासाठी कोरी चौकट ठेवली आहे.